सहाशेकाका

सहाशेकाकांचं खरं नाव मंडळाच्या वर्गणीच्या पावतीवर असेल. एरवी ते कुणाच्या लक्षात नाही. बँकेतून निवृत्त झाल्यावर हाती आलेल्या पैशातून त्यांनी दीडशे ते सहाशे मिलिमीटरची लेन्स घेतली आणि चेन्नईतल्या तमाम मराठी वर्तुळात ते सहाशेकाका झाले. प्रत्येक मंडळात असा एक असतोच. पूर्वी तो नाट्यपदं गायचा, मध्यंतरी होमिओपॅथीच्या गोळ्या वाटायचा, हल्ली तो वन्यजीव टिपतो. समोरच्याची सुटका तिन्ही काळांत सारखीच अवघड.

मे महिन्यात चेन्नईत अंगावर बनियनसुद्धा नकोसं होतं, पण काका भाजीलाही खाकी जाकीट घालून जातात. त्याला इतके खिसे आहेत की परत आल्यावर कोथिंबीर कुठल्या खिशात ठेवली ते काकूंनाच शोधावं लागतं.

इथली दमट हवा म्हणजे लेन्सचा काळ. काचेवर बुरशी धरली की लाखाची वस्तू मातीमोल. म्हणून काकांच्या हॉलमध्ये देव्हाऱ्याशेजारी एक काचेचं ड्राय कॅबिनेट असतं, आत मंद निळा दिवा आणि आर्द्रता पंचेचाळीस टक्के. साऱ्या घरात कोरडी जागा तेवढीच. एका दिवाळीत काकूंनी चकल्या मऊ पडू नयेत म्हणून डबा त्यात सरकवला. त्यावरून जे झालं ते शेजारच्या मामींनाही भाषा न कळता समजलं. आपल्या लेन्सला भाजणीचा वास येतो, असं काका संक्रांतीपर्यंत सांगत होते. चकल्या मात्र शेवटपर्यंत कुरकुरीत होत्या.

घरापासून हाकेच्या अंतरावर गिंडीचं राष्ट्रीय उद्यान आहे. भर शहरात, जेमतेम पावणेतीन चौरस किलोमीटरचं, देशातल्या सगळ्यांत लहान राष्ट्रीय उद्यानांपैकी एक. आत काळवीट, चितळ. शेजारच्या आयआयटीच्या आवारात तर हरणं वर्गाला निघालेल्या पोरांना आडवी जातात. काकांना विचारून पाहा. ‘‘छे! ते काय जंगल? बॅकग्राउंडला भिंत येते.’’ याच शहरात, मैलापुरात राहून एम. कृष्णन (1912–1996) यांनी सुटे भाग जुळवून केलेल्या कॅमेऱ्यानं कृष्णधवल हत्ती टिपले आणि ‘स्टेट्समन’मध्ये 1950 पासून अखेरपर्यंत सदर लिहिलं. त्यात रानातल्या जनावरांइतकाच मान घराभोवतीच्या पाखरांनाही होता. काकांना त्यांच्याबद्दल आदर आहे. फक्त ‘‘ऑटोफोकस असता तर माणूस कुठल्या कुठे गेला असता,’’ एवढीच हळहळ.

काकांना डोंगर लागतात. मुदुमलाई, मुकुर्ती, वालपारै, मुन्नार. सेंट्रलवरून रात्रीची नीलगिरी एक्स्प्रेस धरायची, पहाटे मेट्टुपाळयम. सोबत बीनबॅग रिकामी न्यायची, कारण गाडीच्या खिडकीवर लेन्स टेकवायला लागणारी ही उशी तिथे जाऊन धान्यानं भरायची असते, असा या लोकांचा शिरस्ता आहे. काका तीत चार किलो इडलीचा तांदूळ भरतात. परतल्यावर काकू तोच भिजत घालतात आणि आल्यागेल्याला पुढ्यात ताटली ठेवताना सांगतात, ‘‘या मुदुमलाईच्या.’’

मुदुमलाईत वनखात्याच्या गाडीतून फिरावं लागतं. काका खिडकी पकडतात आणि सगळ्यांना ‘शूऽऽ’ करतात. त्या ‘शूऽऽ’नंच निम्मी चितळं पळतात. एकदा गाडीसमोर सुळेवाला हत्ती येऊन उभा राहिला. लोकांचे श्वास अडकले, एका बाईंनी हात जोडले. काकांनी घड्याळ पाहिलं, कॅमेरा मांडीवरून हलवला नाही. ‘‘लाइट हार्श आहे. दहानंतरचा हत्ती मी काढत नाही.’’

निसर्गदृश्यांचं तंत्र वेगळं. तिपाई, फिल्टर, धबधब्याचं पाणी कापसासारखं दिसेस्तोवर धरलेला श्वास. उदगमंडलमच्या पाइनच्या रांगांचा त्यांचा एक फोटो आहे, नाव ‘अस्पर्शित निलगिरी’. ते पाइन माणसानं लावलेले. भोवतीचं वॉटल आणि युकॅलिप्टस तर ऑस्ट्रेलियातून आणलेलं. मूळचा इथला डोंगर म्हणजे उघडं गवत आणि घळींत दाटलेलं रान, म्हणजे शोला. तो शोला काकांना आवडत नाही, आत अंधार फार असतो. फोटोत चहाचा मळा किंवा विजेचा खांब आला तर घरी येऊन संगणकावर पुसून टाकतात. वनखात्याला वर्षानुवर्षं जे जमलं नाही ते काका एका रविवारी दुपारी जेवण होईपर्यंत उरकतात.

नीलकुरिंजी हे त्यांचं जुनं दुखणं. ही फुलं बारा वर्षांनी डोंगर निळे करतात. 2018 साली काकांनी सगळी बुकिंगं करून ठेवली होती, आणि त्याच ऑगस्टमध्ये केरळात महापूर आला. आता 2030. त्या पावसाळ्यात घरात कार्य काढायचं नाही, अशी ताकीद त्यांनी पुण्याच्या पुतण्याला आजच देऊन ठेवलीय. पुतण्याला अजून मुलगी पाहायची आहे.

पण काकांचा खरा कस लागला तो एरविकुलमला. निलगिरी ताहर, तमिळ लोकांचा वरैयाडू, हा तमिळनाडूचा राज्यप्राणी. त्याची सर्वांत मोठी वस्ती मात्र सीमेपलीकडे केरळातल्या या उद्यानात. याचाही काकांना राग आहे. पिलांच्या दिवसांत, साधारण फेब्रुवारी-मार्चला, उद्यान बंद असतं. ते उघडल्या उघडल्या काका-काकू वनखात्याच्या बसनं राजमलैला पोचले. समोर 2,695 मीटरची आनैमुडी, ढग नाही, कोवळं ऊन. म्हणजे तक्रारीला जागाच नाही. आणि इतक्यात एक ताहर कड्यावरून उतरून थेट रस्त्यावर आला आणि काकांपुढे हातभरावर येऊन उभा राहिला. आखूड, राठ आयाळ, मागे वळलेली शिंगं, पाठीवर रुपेरी खोगीर.

काकांच्या लेन्सला फोकस व्हायला निदान अडीच-पावणेतीन मीटर अंतर लागतं.

लेन्स घर्रघर्र करत पुढेमागे फिरली. काका दोन पावलं मागे सरले, ताहर दोन पावलं पुढे. मागे कठडा आला. काका त्याला म्हणाले, ‘‘जरा मागे हो बाबा.’’ मग तमिळमध्ये, ‘‘पिन्नाडि पो!’’ मग, बँकेत तीस वर्षं घालवलेला माणूस, इंग्रजीत, ‘‘काइंडली मूव्ह बॅक.’’ तेवढ्यात गार्ड धावत आला आणि काकांनाच म्हणाला, ‘‘सार, त्याला त्रास देऊ नका, तुम्ही बाजूला व्हा.’’

काकूंनी पदरानं मोबाइलची काच पुसली आणि एकच फोटो काढला. त्यात ताहराच्या डोळ्यात काकांचं जाकीट दिसतं.

तो फोटो मंडळाच्या गणेशोत्सवातल्या प्रदर्शनात पहिला आला. काका दिवसभर त्याच्या बाजूला उभे होते. कुणी लेन्स विचारली की काकूंच्या आधी उत्तर यायचं, ‘‘सहाशेच नेली होती. वापरायची वेळ आली नाही.’’