‘काम शंभर टक्के पूर्ण’ असं लिहून गेलेल्या ठेकेदारास



तुमचा शेवटचा अहवाल माझ्यासमोर आहे. एकाच पानाचा. वर शिक्का, खाली सही आणि मध्ये ठळक अक्षरांत एक ओळ: ‘काम शंभर टक्के पूर्ण.’ त्या ओळीच्या जोरावर बिल उचललंत आणि गेलात. जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांतल्या लोकांनी आपल्या पेट्या-ट्रंका उघडून दिलेले फोटो, कागद आणि ध्वनिफिती आता संगणकावर आहेत, एवढं खरं. पण यातला कोणता फोटो कुणाचा, असं विचारलं तर तुमचा संग्रह गप्प बसतो, नाहीतर धडधडीत चुकीचं सांगतो. म्हणून हे पत्र, आणि तेही चारचौघांसमोर.

तुम्ही वापरलीत ती पद्धत साधी आहे. सगळ्या नोंदी एका एक्सेल तक्त्यात मांडायच्या, फोटो एका फोल्डरमध्ये ठेवायचे आणि दोन्ही एकदम चढवायचे. याला बॅच इम्पोर्ट म्हणतात. पद्धतीशी माझं भांडण नाही. हजारो नोंदी एकेक करून भरायला आयुष्य पुरणार नाही. पण इथे एका चुकीची हजार चुका व्हायला क्षणही लागत नाही. म्हणून जबाबदार माणूस आधी दहा नोंदी चढवतो, उघडून पाहतो, मूळ कागदाशी ताडतो आणि मगच पुढे जातो. तुम्ही एकही उघडली नाहीत. उघडली असतीत तर पहिल्याच पानावर थांबला असतात.

लेण्याद्रीचं बघा. लेणे क्रमांक 6 म्हणजे चैत्यगृह आणि 7 मध्ये गिरिजात्मज गणपती. दोन्ही लेणी एकत्र दिसतात अशा फोटोसमोर आम्ही ‘6-7’ लिहिलं होतं. एक्सेलने ती तारीख धरली आणि तुमच्या संग्रहात त्या लेण्याचा क्रमांक ‘6 जुलै’ झाला. आमचे नोंद क्रमांक 00412 असे होते. एक्सेलने पुढची शून्यं खाल्ली, 412 उरलं आणि 00412 नावाच्या फोटोशी त्याची जोडी जुळेना. तेव्हा तुम्ही काय केलंत? फोटो नुसते ओळीने लावत गेलात. तक्त्यात मध्ये एक ओळ रिकामी होती. तिथून पुढे प्रत्येक मजकूर एका घराने सरकला. आज जुन्नरच्या सौदागर घुमटाखाली ओतूरच्या कपर्दिकेश्वराचं नाव आहे आणि कुकडेश्वराच्या शिल्पांखाली कुणाच्या तरी लग्नाची तारीख. श्रीलिपी फॉन्टमध्ये टाइप केलेली जुनी वर्णनं युनिकोडमध्ये न बदलताच चढवलीत, तिथे चिन्हांचा कचरा दिसतो. तक्ता यूटीएफ-8 मध्ये साठवला नाहीत, त्यामुळे उरलेल्या मराठीची प्रश्नचिन्हं झाली.

आता नकाशा. प्रत्येक फोटोचे अक्षांश-रेखांश भरण्याऐवजी तुम्ही तालुक्याच्या नावावरून ते आपोआप भरून घेतलेत. आंबेगाव तालुक्याचा कारभार चालतो घोडेगावातून, हे इथलं शाळकरी पोर सांगेल. खुद्द आंबेगाव गाव डिंभे धरणात गेलं. यंत्राने नेमकी त्या गावाची जागा धरली, म्हणून मंचरचा बाजार, घोडेगावची पेठ, म्हाळुंगे पडवळचे वाडे, सगळं तुमच्या नकाशावर धरणाच्या पाण्यात आहे. 12 डिसेंबर 1930 रोजी मुंबईत परदेशी कापडाच्या लॉरीपुढे प्राण देणारे बाबू गेनू म्हाळुंगे पडवळचे. डिंभे धरणाच्या जलाशयाला ‘हुतात्मा बाबू गेनू सागर’ म्हणतात. त्यांचं गाव त्यांच्याच नावाच्या पाण्यात बुडवायचा अधिकार तुम्हाला कोणी दिला?

याच तालुक्यातलं माळीण 30 जुलै 2014 रोजी दरडीखाली गेलं. दीडशेहून अधिक माणसं गेली. अशा खोऱ्यातल्या घरांचे जुने फोटो पुन्हा काढता येत नाहीत आणि फोटोतली माणसं ओळखणाराही कित्येकदा उरत नाही. तिथे एका नावाची चूक ही कायमची चूक असते. तुमच्या तक्त्यात मात्र ती केवळ एक ओळ होती.

कधी नाणेघाटात गेला आहात? तिथल्या लेण्यात सातवाहन राजकुळाच्या मूर्ती कोरलेल्या होत्या. मूर्ती नष्ट झाल्या, पावलांच्या खुणा तेवढ्या राहिल्या. पण कोरणाऱ्यांनी प्रत्येक मूर्तीच्या वर ब्राह्मी अक्षरांत नाव घातलं होतं. म्हणून दोन हजार वर्षांनंतरही आपण सांगू शकतो की इथे सिमुक होता, इथे नागनिका आणि सातकर्णी होते, इथे कुमार हकुसिरी होता. चित्र गेलं तरी नावाने इतिहास राखला. तुम्ही नेमकं उलटं केलंत: चित्रं झकास ठेवलीत आणि नावं उडवलीत. छिन्नी-हातोड्याच्या माणसांना जे कळत होतं, ते लॅपटॉप घेऊन बसलेल्या तुम्हाला कळू नये?

सर्वांत गंभीर गोष्ट वेगळीच आहे. आमच्या तक्त्यात ‘कोणी पाहावं’ असा एक रकाना होता. काही कुटुंबांनी फोटो देताना स्पष्ट सांगितलं होतं की हे घरच्यांपुरतेच ठेवा. पश्चिमेकडच्या आदिवासी वाड्यांतून मिळालेल्या काही ध्वनिफितींचीही तीच अट होती. तो रकाना तुम्ही घेतलाच नाहीत, म्हणून सगळं सर्वांसाठी खुलं झालं. ऑस्ट्रेलियातल्या वारुमुंगू समाजाच्या गरजेतून ‘मुकुर्तू’ नावाची मोफत संग्रहप्रणाली तयार झाली. तिच्यात कोणी पाहावं हा नियम जोडल्याशिवाय वारशाची नोंद होतच नाही. लोकांनी विश्वासाने हातात ठेवलेली वस्तू तुम्ही चव्हाट्यावर मांडलीत. ही तांत्रिक चूक नव्हे, विश्वासघात आहे.

दुरुस्ती करू म्हणून आम्ही आमचीच माहिती परत मागितली, तर तुम्ही एक हार्ड डिस्क पाठवलीत. आत फोटो, प्रत्येकाला तुमच्या यंत्राने दिलेलं नवं नाव आणि सोबत नोंदींची छापील पीडीएफ. पीडीएफमधून तक्ता पुन्हा उभा करायला किती हात लागतात, हे तुम्हाला ठाऊक आहे. ज्या संग्रहातून नोंदी आणि फाइली जोडीने बाहेर काढता येत नाहीत, तो संग्रह लोकांचा राहत नाही, ठेकेदाराचा होतो.

असं होण्याचं काही कारण नव्हतं. पुण्यातल्या हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. हजाराहून जास्त गावं, एक लाखाहून अधिक ओव्या. 2017 पासून त्या ‘पारी’ या ग्रामीण भारताच्या ऑनलाइन संग्रहाच्या संकेतस्थळावर येऊ लागल्या आणि तिथे ओवीसोबत गाणाऱ्या बाईचं नाव आणि गाव वाचायला मिळतं. एका संग्रहातून दुसऱ्या संग्रहात जातानाही गाणारी आणि तिचं गाणं यांची ताटातूट झाली नाही, कारण नोंद करणाऱ्यांना त्या बाईची किंमत होती.

म्हणून मागण्या साध्या आहेत. आमचा मूळ तक्ता जसाच्या तसा परत करा. नोंद क्रमांक मजकूर म्हणून ठेवा, शून्यांसकट. खासगी नोंदी आजच्या आज बंद करा. सगळा संग्रह यूटीएफ-8 तक्ता आणि मूळ नावांच्या फाइली अशा रूपात बाहेर काढून द्या आणि तो दुसऱ्या संगणकावर पुन्हा चढतो हे आमच्यासमोर दाखवा.

आणि वाचकहो, तुमची ग्रामपंचायत, शाळा किंवा वाचनालय जुने कागद संगणकावर चढवायला देणार असेल, तर बिल देण्याआधी कोणत्याही दहा नोंदी स्वतः उघडा आणि सगळा संग्रह एकदा बाहेर काढून मागा. ठेकेदार देऊ शकला नाही, तर काम झालेलं नाही.

— जुन्नरच्या संग्रहाचा एक कार्यकर्ता