रानभात व्हायचंय? नवशिक्या दाण्यांसाठी मार्गदर्शिका (गडब परिसर आवृत्ती)

अभिनंदन! आपण गडबच्या खारेपाटात येऊन पडला आहात. बांधापलीकडे धरमतरच्या खाडीचं पाणी दिवसातून दोनदा चढतं-उतरतं, बांधाअलीकडे भात पिकतं. त्या भातात आपल्याला न पेरता उगवायचं आहे, न ओळखता वाढायचं आहे आणि पुढच्या वर्षीही उगवायचं आहे. काही जण आपल्याला देवभात म्हणतील. बेणणारी बाई काय म्हणेल ते छापण्याजोगं नाही.

सुरुवातीलाच एक खुलासा. या पुस्तिकेतली एकही सूचना आपल्याला पाळता येणार नाही. इथे सराव नाही, शिकवणी नाही, जिद्द तर मुळीच नाही. आपल्या अंगात जे आहे ते मागच्या पिढीकडून आलंय, नाहीतर पेशीतल्या मजकुराची नक्कल उतरवताना चुकून घुसलंय. सूचना ज्यांनी पाळलेल्या असतात ते उरतात, बाकीचे बांधावर वाळत पडतात. एकटं रोप आयुष्यभर होतं तसंच राहतं. बदलतं ते शेतातलं रोपांचं प्रमाण, दर हंगामाला थोडं थोडं.

पायरी पहिली: भातासारखं दिसा. हीच पायरी महत्त्वाची, म्हणून तिला जागा जास्त. खाऱ्या जमिनीत मोड आलेलं बी फेकून रहू पद्धतीने पेरतात. ओळी नाहीत, तेव्हा ओळीबाहेर उगवल्याबद्दल कुणी पकडणार नाही. पकडतील ते रंगावरून, उंचीवरून, पानाच्या ठेवणीवरून. बेणणी म्हणजे आपली परीक्षा, आणि परीक्षक गुडघाभर चिखलात वाकलेली, कंबर धरलेली, नजरेला पक्की. वेगळं दिसलं की उपटलं. म्हणजे दरवर्षी ती सगळ्यांत ओळखू येणारी रोपं काढून टाकते आणि फसवणारी मागे ठेवते. शेत साफ करताकरता ती आपल्या वेषांतराची पैदास करते. यात तिचा काही दोष नाही. डोळे जितके तीक्ष्ण, तितकं उरलेलं रोप भाताशी मिळतंजुळतं. निकोलाय वाविलोव या रशियन शास्त्रज्ञाचं नाव या प्रकाराला मिळालंय. गव्हात तण म्हणून शिरलेली राय अशीच गव्हाच्या चाळणीतून पार होत होत शेवटी स्वतःच पीक झाली, हे त्यांनी दाखवलं.

इथे एक यशोगाथा. जुन्या मध्य प्रांतात, छत्तीसगडच्या बाजूला, रानभाताला करगा म्हणतात. त्याने शेतकऱ्यांना इतकं छळलं की शेवटी जांभळ्या पानांचं भात लावायची युक्ती निघाली: हिरवं दिसलं की उपट. फार सोपं! पण करगा शेजारच्या जांभळ्या भाताच्या परागांनी फळला, त्याच्या पोरांत काही जांभळी निघाली, आणि बेणणीने हिरवी तेवढी उपटली. काही हंगामांत करगाही जांभळा. ज्या खुणेवरून शत्रू ओळखायचा, तीच खूण शत्रूला वाटून झाली. असं एखादं भात आपल्या शेतात आलं तर घाबरू नका, फक्त त्याच्या शेजारी फुला.

पायरी दुसरी: कधी गळायचं. लोंबी पिकता पिकता दाणे झडू द्या, म्हणजे विळा येण्याआधी आपण चिखलात. पुढच्या पावसापर्यंत निजून राहायची ताकद असेल तर उत्तम. जे दाणे लोंबीला चिकटून राहतात ते झोडणीला जातात आणि नशीब असलं तर बियाण्याच्या कणगीत शिरून पुढच्या वर्षी शेतकऱ्याच्याच हाताने पेरले जातात. मार्ग दोन आहेत, दोन्ही चालतात. गंमत म्हणजे भाताला न झडायची सवय लावली तीही कापणाऱ्या विळ्यानेच, ठरवून नव्हे. डार्विनने १८५९च्या ग्रंथाचं पहिलं प्रकरण पाळीव प्राणी आणि पिकांवर लिहिलं, त्यात माणसाच्या या अजाणता निवडीचीही चर्चा आहे. तिथून तो रानाकडे वळला, जिथे निवडणारा कुणीच नसतो.

पायरी तिसरी: मीठ सोसा. जूनचे पहिले जोरदार पाऊस क्षार धुऊन नेतात. मधे उघडीप लांबली तर क्षार पुन्हा वर येतात. कोवळेपणी आणि फुलोऱ्यात भात मिठाला सगळ्यांत हळवं असतं, तेव्हा या दोन वेळा सांभाळा. जमत नसेल तर शेजारच्या काळ्या रात्याला बघा. लाल तांदळाचं, पिढ्यान्‌पिढ्या खाऱ्या जमिनीत पेरलं गेलेलं हे वाण. पनवेलच्या खार जमीन संशोधन केंद्राने खाऱ्या जमिनीसाठी पनवेल १, २, ३ अशा जाती दिल्या, तिथे निवड जाणूनबुजून आणि कागदावर नोंदून होते. खारेपाटात ती शतकानुशतकं भरतीने केली. म्हणूनच उतारावरच्या गोड्या खाचरात एक वाण टिकतं, बांधाजवळच्या खाऱ्यात दुसरं. सगळीकडे एकच पाणी असतं तर एकाच वाणाने काम भागलं असतं.

नेहमीचे प्रश्न.

मी पुरेसा भातासारखा दिसत नाही, काय करू? काहीच नाही. बाई येतेच आहे.

मी मनापासून प्रयत्न केला तर? वरचा खुलासा पुन्हा वाचा.

बांधाला खांड पडली तर? इथे ही पुस्तिका रद्द होते. खारं पाणी आत शिरून तिथेच राहिलं की भात जातं, आपणही जाता आणि रिकाम्या चिखलात तिवरं येतात. पानांतून मीठ बाहेर टाकणारी, श्वास घ्यायला मुळं चिखलाबाहेर काढणारी आणि बी झाडावर असतानाच रुजायला लागलेली. आपल्याच पेण तालुक्यात अशी शेतं गेलेली आहेत. तिवरांच्या आवृत्तीतली पहिली पायरी वेगळी आहे आणि आपल्या नावे ती पाठवता येणार नाही.