दहा गुंठे गेले कुठे?

दोन-चार नव्हे वहिनी, चांगले १० गुंठे! खालच्या वाडीतले भाऊजी कालपासून हेच सांगत सुटलेत. या, जरा गडग्याजवळ या. मोठ्यानं बोलायला नको, त्यांचे कान फार लांब.

ती डोंगरातली कलमांची बाग मुंबईच्या पाव्हण्याला द्यायची ठरली ना, सातबाऱ्यावर एक एकर आहे. म्हणजे ४० गुंठे. भाऊजींनी मुलाला घेऊन टेप टाकला, तर भरले ५०. मग काय, पैसे ५० गुंठ्यांचे हवेत! मोजणीदार आला, यंत्र लावलं, पुन्हा ४०च. आता म्हणतात, पाव्हण्यानं त्याला हाताशी धरलं.

कुणी कुणाला धरलेलं नाही हो. ह्यांनी टेप नेला जमिनीला चिकटवून, चढावरून सरळ वर! आमचे मामंजी मोजणीदाराबरोबर साखळी धरायला जायचे. ३३ फुटांची, १६ आण्यांची साखळी. ३३ बाय ३३ चा चौकोन म्हणजे गुंठा. चढावर ती जमिनीवर लोळवायची नाही, असा दंडक. खालच्या माणसानं टोक छातीपर्यंत, कधी डोक्यापर्यंत उचलायचं, साखळी आडवी ताणायची नि टोकाखाली ओळंबा सोडायचा. तो टेकला तिथं खुंटी. चढ फारच असला तर साखळी तुकड्यातुकड्यानं ताणत, पायऱ्या पाडल्यागत उतरायचं. रात्री सासूबाई मामंजींचे खांदे शेकायच्या.

भाऊजींची बाग केवढी उभी, तुम्ही बघितलीयच. ५० फूट चाललं की माणूस ३० फूट वर येतो. मग आडवं अंतर राहिलं किती? ४०. आपल्या शाळेतलाच पायथागोरस! नकाशावर आणि सातबाऱ्यावर येतं ते हे आडवं माप. पुतण्यानं मोबाइल घेऊन हद्दीनं फेरी मारली, तर तिथंही ४०च्या आसपासच आलं. पण पुतण्याचं ऐकतो कोण?

गवत काढायला मजुरी ५० गुंठ्यांची पडते, हे त्यांचं म्हणणं खरंय. त्या उतारावर विळा घेऊन उभं राहणंसुद्धा कठीण. पण कलमं किती मावतात, ते विचारा ना! हापूस १० मीटरवर लावायचा, म्हणजे साधारण गुंठ्याला एक. झाड काही डोंगराला काटकोन करून वाढत नाही, सरळ आभाळाकडेच जातं. पाऊसही पडतो तो त्या ४० गुंठ्यांवरच. भाऊजींच्या वडलांनी तिथं लावली होती ४० कलमं. ह्यांनी मध्येमध्ये आणखी १० कोंबली, नि आता फांद्या एकमेकींत घुसल्या म्हणून ओरडतात.

तुमच्या भावालाही वरची जमीन घ्यायचीय ना? त्याला सांगा, पैशाचं बोलण्याआधी सातबारा नि मोजणीचा नकाशा बघ, पोटखराबा, म्हणजे लागवडीला न येणारी जमीन, किती लिहिलाय ते वाच. कुंपणाची तार आणताना मात्र टेप जमिनीलगतच धर म्हणावं, नाहीतर एका बाजूला तार अपुरी पडेल.