चार मात्रांची बाई

‘‘रसिकहो, या गाण्यातली बाई ही बाई नाहीच.’’

एवढं बोलून निवेदक थांबले. हातातली फाइल मिटली, मग डोळे मिटले. तबल्यावर पडायला निघालेला हात तबलजींनी परत मांडीवर ठेवला. त्यांनी या निवेदकांबरोबर बरेच कार्यक्रम केले असावेत.

गाणं तसं बिनत्रासाचं. पोरगी माहेरी निघालीय, वाटेत पावसानं गाठलंय, आणि दर दोन ओळींनी ती ‘गं बाई’ म्हणते. आमच्या गल्लीतल्या कुणालाही कळेल. निवेदकांच्या लेखी मात्र माहेर म्हणजे मोक्ष (हे मला निम्मं मान्य आहे, तिथे चहा आयता मिळतो), पाऊस म्हणजे गुरुकृपा, आणि ‘बाई’ म्हणजे साक्षात माया. आता ‘गं’ तरी सुटेल म्हणून मी सावरून बसलो. सुटला नाही. ‘गं’ हे गणपतीचं बीजाक्षर निघालं! म्हणजे मोक्षाला निघालेला जीव आधी गणेशवंदना करतो आणि मग मायेला हाक मारतो. मागच्या रांगेतून ‘वाऽऽ’ असा हुंकार आला. निवेदक सुखावले आणि त्यांनी आणखी चार मिनिटं घेतली.

मी घड्याळ लावलं होतं. अर्थ अकरा मिनिटं, गाणं सव्वातीन. 78 आरपीएमच्या दहा इंची तबकडीच्या एका बाजूवर जेमतेम तीन-सव्वातीन मिनिटं मावायची, म्हणून त्या काळच्या मंडळींनी धृपद, दोन-तीन अंतरे आणि काळीज एवढंच त्यात बसवलं. निवेदनाला तबकडी नसते. निवेदनाला फक्त पाणी लागतं, आणि ते टेबलावर झाकून ठेवलेलं असतं.

तर बाई. ‘गं’वर अनुस्वार, म्हणून तो गुरू : मात्रा दोन. ‘बाई’ दोन्ही गुरू : मात्रा चार. दोन आणि चार सहा, म्हणजे दादऱ्याचं एक आवर्तन. चाल आधी बांधलेली असते, शब्द मागून येतात. संगीतकार पेटीवर तानाना करून दाखवतो आणि शेवटचं ‘तानाना’ कशानं भरायचं हा गीतकाराचा प्रश्न असतो. त्यानं तिथे ‘गं बाई’ बसवली, आवर्तन भरलं, पाकीट खिशात घातलं आणि तो शेवटच्या लोकलनं घरी गेला. यात कमीपणा काहीच नाही. संस्कृत कवींनी ‘च’, ‘वै’, ‘तु’, ‘हि’ असेच चरणाचरणांत कोंबले, आणि आपल्या पंडितांनी त्याला पादपूरण असं सरळ नाव दिलं. ‘वै’ म्हणजे वैराग्य, असं कुणी सांगितल्याचं ऐकिवात नाही. ती माणसं प्रामाणिक होती. शिवाय त्यांना मानधन, नारळ आणि शाल मिळत नसावी.

गूढार्थाशी माझं वैर नाही. भारुडातला विंचू कामक्रोधाचा असतो, पण ते भारूड स्वतःच सांगून टाकतं. तो विंचू नांगी मारतानाच ओळखपत्र दाखवतो. कलगी-तुऱ्याच्या फडात तर गूढार्थावर रात्र जागायची. तुरेवाल्यांचा शिव मोठा, कलगीवाल्यांची शक्ती मोठी, भेदिकातून एकानं कोडं घालायचं आणि दुसऱ्यानं उभ्या उभ्या सोडवायचं. नाही सुटलं तर हार. अख्ख्या गावासमोर डफ खाली. अर्थ सांगणाऱ्याचं तिथे काही पणाला लागलेलं असायचं! आमच्या निवेदकांचं काय पणाला लागतं? शाल तर मध्यंतरातच मिळते. जाहिरातीत बावीस गाणी होती, झाली तेरा. वन्समोअर मागायची पद्धत कशी बुडाली असं लोक विचारतात. वन्समोअर मायेनं खाल्ला, बाकी काही नाही.

आणि खरं सांगू? मला राग त्या वेळेचा नाही. ‘गं बाई’ ही भर आहे हे मीच वर मात्रा मोजून सांगितलं. पण गीतकारानं ती भर उचलली कुठून? जात्यावरून. खुंट्याला हात लावून समोरासमोर बसलेल्या दोघी, एकीनं ओवी टाकायची, दुसरीनं पुढे न्यायची. ‘बाई’ म्हणजे ती समोरची. भुवयांवर पीठ, डोळ्यांत झोप, रात्री काय झालं ते समोरचीला न सांगता ठाऊक असलेली. तिला हाक मारली की जातं थोडं हलकं व्हायचं. नवऱ्याला सांगता येत नाही, सासूला सांगता येत नाही, आईचं गाव दोन नद्यांपलीकडे, तेव्हा ज्या एका माणसाला सांगता यायचं ती ही बाई. तिचं नाव कुठल्या सातबाऱ्यावर नव्हतं, तिच्या ओवीखालीही नव्हतं. एवढी एक हाक काय ती तिच्या मालकीची उरली होती. आणि पोट भरलेला, इस्त्री केलेलं जाकीट घातलेला माणूस माइकवर येऊन सांगतो, ती नव्हतीच! अहो, ती होती. दळण कुणी दळलं मग? मायेनं?

शेजारच्या गृहस्थांनी ‘शूऽऽ’ केलं. मी हे मोठ्यानं बोललो होतो.

पुढचं गाणं बैलाचं होतं. ‘‘रसिकहो, हा बैल...’’ ऐकू आल्याबरोबर मी आणि बायको उठलो आणि गुडघे चुकवत बाहेर पडलो. कॅन्टीनमध्ये काउंटरवरच्या बाईंनी रिकामं ताट बायकोसमोर तिरकं करून दाखवलं.

‘‘वडे संपले की गं बाई!’’

मी सवयीनं बोटांवर मोजलं. सोळा मात्रा, केरव्याची दोन आवर्तनं, एकही शब्द भरीचा नाही.

बायको म्हणाली, ‘‘मग चहा तरी टाक.’’