स्थायू, द्रव आणि सहार

साताऱ्याच्या एका शाळेत मी तेहतीस वर्षं विज्ञान शिकवलं. पदार्थाच्या अवस्था तीन. स्थायूला स्वतःचा आकार असतो, द्रव भांड्याचा आकार घेतो आणि वायू मागच्या बाकावरच्या पोरांसारखा मिळेल तेवढी जागा व्यापतो. मला झोपेतून उठवून विचारलं असतं तरी हे धडाधड सांगितलं असतं. २०१९च्या जानेवारीत मला खरोखरच झोपेच्या वेळी हे विचारण्यात आलं आणि मी नापास झालो. परीक्षा केंद्र : मुंबईचं सहार विमानतळ, टर्मिनल दोन.

निमित्त लेकीच्या बाळंतपणाचं. ती शिकागोला. जावईबापूंनी तिकिटं काढली आणि फोनवर बजावलं, "बाबा, विमान चोवीस तारखेला रात्री एक पन्नासला आहे. म्हणजे तुम्ही तेवीसलाच रात्री विमानतळावर पाहिजे." मी हो म्हणालो आणि कालनिर्णयवर चोवीसला गोल केला. साताऱ्यात चोवीसची रात्र चोवीसचा दिवस मावळल्यावरच येते. त्या गोलावर आमच्या हिने शेजारी पेन्सिलीने 'ह्यांचं ऐकू नये' असं लिहून ठेवलं, म्हणून आम्ही विमानाच्या आदल्या दिवशी नव्हे, तर विमानाच्याच दिवशी, म्हणजे आदल्या दिवशी, घराबाहेर पडलो. हे वाक्य मला अजूनही नीट कळलेलं नाही.

सामान दोघांचं मिळून चार बॅगा, प्रत्येकीला तेवीस किलोंची मर्यादा. घरी वजन करायला आमच्या रद्दीवाल्याचा काटा आणला होता. त्यावर चारही बॅगा साडेबावीसच्या आत. काउंटरवरच्या काट्यावर त्यातली एक पंचवीस किलो सहाशे ग्रॅम निघाली. रद्दीवाल्याचा काटा नेहमी कमीच दाखवतो, त्याचा संसारच त्यावर चालतो, हे मला पंचवीस वर्षं माहीत होतं. पण आपणच आपल्याला रद्दीच्या भावात मोजून घेऊ, असं वाटलं नव्हतं.

"काका, अडीच-तीन किलो कमी करा," काउंटरवरची मुलगी म्हणाली. विमान कंपनीचं नाव सांगत नाही, परतीचं तिकीट तिचंच होतं.

बॅग तिथेच फरशीवर उघडली. जुन्या लुगड्यांची दुपटी, बाळंतशेपा, वावडिंग, आळीव, झबली आणि माझे लोकरी पायजमे जगापुढे मांडले गेले. मागे रांगेत साठ-सत्तर माणसं. त्यातला एक गृहस्थ मान वाकडी करून आमची यादी तपासत होता. "ओवा राहिला का हो?" असं तो विचारील अशी मला धास्ती होती. एक स्वेटर मी अंगातल्या स्वेटरवर चढवला, शाल हिच्या खांद्यावर टाकली. मग विज्ञानाला स्मरून सर्वांत जड वस्तू निवडल्या : घरच्या तुपाची पाव किलोची बरणी आणि अर्धा किलो खारकेची पूड. दोन्ही हातातल्या पिशवीत, डिंकाच्या लाडवांच्या डब्याशेजारी कोंबल्या. काटा बावीस नऊशेवर आला. मी हिच्याकडे विजयी मुद्रेने पाहिलं. पुढे जे झालं त्याचं मूळ त्या मुद्रेत आहे.

"पॉवर बँक, लायटर, सुकं खोबरं आहे का बॅगेत?" मुलीने विचारलं.

पहिल्या दोन वस्तूंबद्दल ही ठामपणे नाही म्हणाली. तिसरीला थबकली. "किसून भाजलेलं आहे. अर्धा किलो."

"ते नाही नेता येणार, काकू. पेट घेऊ शकतं."

मला वाटलं, पोरगी थट्टा करते आहे. पण नाही. खोबऱ्यात तेल भरपूर, ते कोंडलेल्या जागी आपोआप तापत जाऊ शकतं, म्हणून धोकादायक मालाच्या जागतिक यादीत खोबऱ्याला स्वतःचा क्रमांक आहे, १३६३. वर्ग, आपोआप तापणारे पदार्थ. तेहतीस वर्षं मी पोरांना ज्वलनशील म्हणून रॉकेल, स्पिरिट आणि फॉस्फरस सांगत आलो, आणि खरा आरोपी माझ्याच फोडणीच्या डब्याशेजारी बसला होता.

"होळीत नारळ घालतो तेव्हा पेटतोच की तो," ही शांतपणे म्हणाली. "तुम्हाला आज कळलं?" आणि तिने खोबऱ्याची पिशवी डोळे मिटून काउंटरवर ठेवली. गणपती विसर्जनालाही ती इतकी हळवी होत नाही.

बॅगांना पट्ट्या लागल्या. त्यावर शिकागोसाठी 'ओ-आर-डी' अशी अक्षरं. ही म्हणाली, "शिकागोत 'ओ' कुठून आला?" तर शिकागोचा मोठा विमानतळ पूर्वी ऑर्चर्ड फील्ड म्हणून ओळखला जाई. नाव बदलून ओहेअर झालं, अक्षरं तीच राहिली. आपली मुंबईसुद्धा १९९५ला मुंबई झाली तरी सामानाच्या पट्टीवर अजून 'बी-ओ-एम', म्हणजे बॉम्बेच आहे. "बरं आहे," ही म्हणाली, "सामानाला तरी माहेरचं नाव ठेवू देतात."

इमिग्रेशनच्या रांगेत पाऊण तास गेला. तिथे माझ्या पासपोर्टावरचा फोटो आणि मी यांची बराच वेळ तुलना झाली. दोन स्वेटरांतल्या माणसाशी एका शर्टातला माणूस जुळवणं सोपं नसावं. मग आली सुरक्षा तपासणी. पट्टा, घड्याळ, पाकीट, चष्म्याचं घर, सगळं ट्रेमध्ये. मी विजारीला एका हाताने धरून पलीकडे पोचलो तोवर आमची पिशवी बाजूच्या टेबलावर गेली होती.

टेबलापाशी उभी असलेली सुरक्षा कर्मचारी तिशीतली, बोलण्यावरून आमच्याच बाजूची, कोल्हापूरकडची. तिने बरणी वर धरली.

"आज्जी, हे तूप?"

"घरचं, गाईचं."

"जात नाही. द्रव शंभर मिलीच्या वर न्यायचा नाही."

माझ्यातला मास्तर जागा झाला. २००६च्या ऑगस्टमध्ये लंडनमध्ये शीतपेयांच्या बाटल्यांतून स्फोटक द्रव विमानात नेण्याचा कट उघडकीस आला, तेव्हापासून जगभर बाटल्यांवर हा डोळा आहे, हे मी वर्तमानपत्रात वाचलं होतं. नियमाविरुद्ध माझं काही म्हणणं नव्हतं. व्याख्येविरुद्ध होतं. "बाई, हा द्रव नाही," मी म्हणालो. "साताऱ्याच्या थंडीत थिजलेलं तूप आहे. याला स्वतःचा आकार आहे." आणि मी झाकण काढून बरणी उलटी धरली. एक थेंब पडला नाही. शाळेत या प्रयोगाला नेहमी टाळ्या पडत.

"सर, जे फासता येतं, ते द्रवातच धरायचं असतंय. लोणचं, चुंदा, श्रीखंड, टूथपेस्ट, समदं."

"मग हे अर्धं करून..."

"बरणीवर मोजतात, सर. आत चमचाभर असलं तरी बरणी शंभरची पाहिजे."

म्हणजे द्रव भांड्याचा आकार घेतो हे खरंच, फक्त इथे तो भांड्याचा गुन्हाही घेतो. मी पाठीमागच्या रांगेकडे पाहिलं. कुणीही माझ्या बाजूचं दिसेना. तेवढ्यात तिने खारकेची पूड बाहेर काढली.

"आणि ही भुकटी कसली?"

अमेरिकेला जायचं तर भुकटीचंही वेगळं प्रकरण असतं. ३० जून २०१८ पासून तिकडे जाणाऱ्या विमानांत हातातल्या बॅगेत साडेतीनशे मिलीलिटरहून जास्त भुकटी असली की वेगळी तपासणी, आणि शंका फिटली नाही तर ती टाकायची. ही माहिती तिने मला दिली. मी तिला खारीक पचायला जड पण बाळंतिणीला पौष्टिक, ही माहिती दिली. दोन्ही माहित्या एकमेकींना भेटल्याच नाहीत.

ही इतका वेळ गप्प होती. आता तिने विचारलं, "बाळ, या डब्यातले लाडू चालतात?"

कर्मचारीने डबा उघडला. "लाडवाला काय अडचण न्हाई, आज्जी. घट्ट असतंय की."

"या लाडवांत तूप आहे. खारीकही आहे."

"असू दे की. लाडू म्हणजे लाडू."

यानंतर हिने जे केलं ते माझ्या तेहतीस वर्षांच्या नोकरीत मला सुचलं नव्हतं. पर्समधून ओल्या टिश्यूचं पाकीट काढून तिने हात मनगटापर्यंत पुसले. डब्याच्या झाकणात खारकेची पूड ओतली, डिंकाचे चार लाडू कुस्करून तिच्यात मिसळले, बरणीतलं तूप चमच्याने काढून वर घातलं आणि टेबलाच्या कडेला उभी राहून ती मळू लागली. हाताच्या उबेने तूप सैल झालं, म्हणजे क्षणभर ते माझ्या व्याख्येनेही द्रव झालं, आणि पाचव्या मिनिटाला पहिला लाडू वळला गेला.

बेकायदा द्रव अधिक संशयास्पद भुकटी बरोबर निर्दोष स्थायू. हे समीकरण कुठल्याही पाठ्यपुस्तकात नाही.

कोल्हापूरकडची ती मुलगी तोंडावर हात धरून हसत होती. तिने तिच्या वरिष्ठांकडे पाहिलं, वरिष्ठांनी छताकडे. सहारच्या त्या टर्मिनलचं छत मोराच्या पिसाऱ्यावरून बेतलेलं आहे म्हणतात, २०१४ला ते खुलं झालं. छताकडे पाहायला कारण होतं. बावीस लाडू झाले. ते पुन्हा यंत्रातून गेले. पडद्यावर बावीस गोल दिसले. "सोडा," वरिष्ठ म्हणाले. बरणी रिकामी होती, ती मात्र हिने टाकली नाही.

पुढची हकिगत थोडक्यात. आम्ही दिलेल्या गेटपाशी पोचलो तेव्हा गेट बदललं होतं. नवं गेट दुसऱ्या टोकाला. वाटेत भिंतीवर देशभरातल्या जुन्या शिल्पांचं आणि दारांचं हजारो वस्तूंचं संग्रहालय आहे. मी ते धावत पाहिलं. जहांगीर कलादालन लोकलमधून दिसलं असतं तर जसं दिसलं असतं, तसं. आमच्याच रांगेतल्या एक आजी व्हीलचेअरमधून शेजारून सळसळत पुढे गेल्या. मघाशी काउंटरवर याच आजींनी मला कोपराने बाजूला सारून नंबर लावला होता. विमानाच्या दाराशी अशा वीस-बावीस खुर्च्या ओळीने लागल्या होत्या. पलीकडे उतरल्यावर त्यातल्या बऱ्याच जणांना पाय फुटले, हे मी स्वतः पाहिलं. पंढरीला इतके चमत्कार होत नाहीत.

आत बसल्यावर विमान तासभर हललं नाही. वैमानिक म्हणाला, धावपट्टी मोकळी होण्याची वाट पाहतोय. मुंबईला धावपट्ट्या दोन आहेत, पण त्या एकमेकींना मधेच छेदतात, त्यामुळे दोन्ही एकाच वेळी वापरता येत नाहीत. ही म्हणाली, "म्हणजे एक ओटा आणि दोन जावा. एकीचं आवरल्याशिवाय दुसरीने हात घालायचा नाही." आजवर कुणी हे इतकं सोपं करून सांगितलं नव्हतं.

वाटेत एकदा विमान बदललं, एकदा घड्याळ बदललं आणि चोवीस तारीख काही केल्या संपेना. शेवटी शिकागोला बर्फात लेक दारात उभी होती, पोटावर हात ठेवून. चहा झाला, डबा उघडला. तिने लाडू मोडून तोंडात टाकला, डोळे मिटले आणि म्हणाली, "आई, याला लिंबाचा वास का येतोय?"

ओल्या टिश्यूचं पाकीट मी पर्समध्ये खोल ढकललं.

"आणि खोबरं नाही घातलंस?"

"विमान पेटतं म्हणे त्याने," ही म्हणाली.

लेक हसली. "अगं, इथे डेव्हन अ‍ॅव्हेन्यूवर आपली दुकानंच दुकानं आहेत. खोबरं मिळतं, खारीक मिळते, तूप तर पाच प्रकारचं मिळतं. डिंकाचे लाडूसुद्धा तयार मिळतात. कशाला एवढं ओझं आणलंत?"

खोलीत शांतता पसरली. आता पदार्थाची तिसरी अवस्था दिसणार, ही वाफ होऊन छताला लागणार, अशी माझी खात्री झाली. पण ती उठली, पिशवीतून रिकामी बरणी काढून तिने ओट्यावर ठेवली आणि म्हणाली,

"मिळत असतील. पण त्यातला एक तरी पोलिसांच्या टेबलावर वळलेला असतो का?"