एकटी बाई, शहाण्णव दिवस

रोहिणखेड घाटाखालचं गाव. इतिहासाच्या तासाला आमची छाती फुगायची, कारण निजामशाहीतली एक लढाई गावच्याच शिवारात झाली होती. पुढचा तास गणिताचा. तिथं लढाई रोजची, आणि हरणारा पक्षही ठरलेला.

आमच्या गावाला रेल्वे नाही, मलकापूर गाठावं लागतं. तरी पुस्तकात गाडी हटकून असायची. 150 मीटर लांबीची गाडी ताशी 54 किलोमीटर वेगानं 300 मीटरचा फलाट किती वेळात ओलांडेल? मागच्या बाकावरून शंका आली, "गुरुजी, गाडी थांबत नाही, तं मानसं चढतीन कशी?" गुरुजींनी ती शंका छडीनं सोडवली. मी मात्र मन लावून केलं: 54 ला 5 ने गुणून 18 ने भागलं, सेकंदाला 15 मीटर, 300 भागिले 15, वीस सेकंद. गुरुजी म्हणाले, "अन् गाडीचं शेपूट फलाटातच ठेवलंस का?" गाडीची स्वतःची लांबी धरायची राहिली होती. 450 भागिले 15, तीस सेकंद. तेव्हापासून मी फलाटावर शेवटचा डबा जाईपर्यंत उभा राहतो.

यंदा पोळ्याला गावी गेलो, तर सातवीतला पुतण्या वही घेऊन आला. 12 मजूर एक शेत 8 दिवसांत निंदतात, तर 16 मजूर किती दिवसांत निंदतील? मी ऐटीत एकमान पद्धत काढली. "बारा मजुरांना आठ दिवस, तर एकाला किती?" "बारा आठे शहाण्णव." "आता मजूर सोळा. शहाण्णव भागिले सोळा?" "सहा."

आई ओट्यावर वाती वळत होती. तिनं मान वर केली. "शहाण्णव रोज एकटीच बाई निंदते? पहिल्या तासापासून पुन्हा गवत होईन नाही का? अन् तोवर कापूस वेचाले येते!"

खरं सांगतो, इतकी वर्षं ती बाई मला दिसलीच नव्हती. एकमान पद्धतीच्या मधल्या पायरीवर आपण तिला तीन महिने एकटीला वावरात उभं करतो, आणि खालच्या ओळीत पंधरा जणी जोडीला देऊन सहा दिवसांत मोकळं करतो. तिच्यावाचून उत्तर नाही, आणि उत्तरात ती नाही. रीतीला गुण असतात ते बहुधा तिच्या मजुरीचे.

आमच्या घाटाची, म्हणजे अजिंठ्याच्या डोंगराची, रांग पश्चिमेला जाते तिकडे चाळीसगावजवळ पाटण आहे. भास्कराचार्यांच्या नातवानं, चांगदेवानं, त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ काढला तो तिथं. पुतण्याला मी त्या आजोबांच्या 'लीलावती'तलं गणित सांगितलं: 32 हातांचा बांबू वाऱ्यानं मोडतो आणि शेंडा बुडापासून 16 हातांवर टेकतो. किती उंचीवर मोडला? 16 चा वर्ग 256, त्याला 32 नं भागलं की 8. ते 32 तून वजा, 24. निम्मे 12. ताळा हवा असेल तर 12 चा वर्ग आणि 16 चा वर्ग मिळवा, 400 येतात. म्हणजे कललेला तुकडा 20 हात, आणि 12 अधिक 20 बत्तीस. किती सभ्य बांबू! आमच्याकडचा मोडला की आधी उभा चिरतो.

पुतण्याला बांबूत रस नव्हता. त्यानं आजीलाच गाठलं. "आजी, आपल्या वावराले किती बाया लागतीन?"

"आपलं बी तेवढंच काम आहे, बारा बायाचं आठ रोज. पण बारा भेटतीन कुठं? यंदा नऊच आहेत."

पोरानं शहाण्णवला नवानं भागलं. दहा पूर्णांक दोन तृतीयांश. मला वाटलं, इथं गणित अडणार. आईनं वात तळहातावर घासली, बोटावर काहीतरी मोजलं आणि म्हणाली, "अकरा."

पोळ्यानंतर निंदण सुरू झालं. अकराव्या दिवशी बाया दुपारच्या चहालाच मोकळ्या झाल्या. दोन तृतीयांश दिवसाची हजेरी रोहिणखेडात कोणी लावत नाही. आईनं नवही जणींना पुरा रोज दिला.