मुलतान ते नवलगुंद

हुबळी आणि धारवाड १९६२ साली एका महानगरपालिकेत आले, पण कातडीच्या बाबतीत दोघांची चूल वेगळी आहे. धारवाडात पावसाची झिमझिम, हुबळीत धूळ. सकाळी धारवाडात आंघोळ करून बसनं हुबळीला गेलेला माणूस संध्याकाळी परत आला की घरचे त्याला आधी तोंड धुवायला सांगतात आणि मग ओळखतात. नोकरीभर मी हेच केलं. निवृत्तीनंतर आरशात नीट पाहिलं, तर हुबळीचा बराचसा भाग मी चेहऱ्यावरून घरी आणलेला दिसला.

भाची पुण्याहून आली तेव्हा ‘मामा, आता तरी स्किनकेअर सुरू करा’ म्हणून तिनं बोटाएवढी बाटली हातात ठेवली. किंमत वाचून ती कपाटात ठेवावी की देव्हाऱ्यात, हे मला ठरवता येईना. मागच्या बाजूला मुंगीच्या अक्षरांत हळद, कोरफड, मंजिष्ठा अशी नावं होती. कोरफड तर दारातल्या कुंडीत, हळद फोडणीच्या डब्यात. सगळी मंडळी आपल्या ओळखीची असताना मध्ये दलाल कशाला, असा विचार करून मी हुबळीला दुर्गदबैलात काष्ठौषधीच्या दुकानी गेलो.

त्या दुकानात शिरलं की नाकाला एकदम दिवाळी लागते. नागरमोथा, वाळा, कपूरकाचरी, आंबेहळद, गुलाबकळी, सगळं पोत्यांची तोंडं उघडी टाकून ठेवलेलं. मी यादी वाचली. मालकानं ‘यारिगे?’ म्हणून विचारलं. कोणासाठी? मी म्हटलं, ‘मलाच.’ त्यानं चष्मा वर करून माझा चेहरा पाहिला, क्षणभर थांबला आणि पाव किलोच्या जागी अर्ध्या किलोचं माप तराजूत टाकलं. चंदन विचारलं तर नुसता हसला. स्वतःच्या परसात उगवलेलं चंदनही सरकारचं, असा कायदा कर्नाटकात २००१ पर्यंत होता. एवढ्या वर्षांच्या सरकारी मालकीनंतर ते माझ्या गालापर्यंत पोचेल ही अपेक्षा चुकीचीच.

घरी वडिलांच्या कपाटात शंकर दाजीशास्त्री पदे यांचा ‘आर्यभिषक्’ होता. पदेशास्त्र्यांनी १९०७ साली नाशिकला आयुर्वेद महासंमेलनाची मुहूर्तमेढ रोवली, एवढा मोठा माणूस. पण त्यांचं पुस्तक कोरी तब्येत घेऊन वाचू नये. मुरुमांचा उपाय शोधताना मला वाटेत संधिवात, अग्निमांद्य आणि एक-दोन बायकांचे विकारही आपल्याला असल्याची खात्री पटली.

आरंभ मुलतानी मातीनं केला. गुलाबपाण्यात कालवून चेहऱ्यावर थापली आणि व्हरांड्यात आरामखुर्चीत बसलो. पाचेक मिनिटांत माती आवळू लागली. बोलायचं नाही, हसायचं नाही, अशी सूचना होती. नेमके तेव्हाच शेजारचे सर पेपर मागायला आले. सर कृषी विद्यापीठातून निवृत्त झालेले, विषय मृदाशास्त्र. मध्येच उठून न जाणारा आणि शंका न विचारणारा विद्यार्थी त्यांना बऱ्याच वर्षांनी मिळाला होता. ते खुर्ची ओढून बसले.

‘ही माती मुलतानची म्हणून विकत आणलीत?’ ते म्हणाले. ‘अहो, हिच्यात बहुतेक मॉन्टमोरिलोनाइट असतं. आपल्या नवलगुंदच्या काळ्या जमिनीत तरी दुसरं काय आहे? पाणी लागलं की फुगतं, वाळलं की आकसतं आणि भेगा पडतात.’ मग त्यांनी पेन काढून माझ्या डाव्या गालावर, कातडीला न लावता, एक भेग दाखवली. ‘ही बघा, ही एप्रिलमधली. नवलगुंदला अशा भेगेत हात जातो.’ आमची ही चहा घेऊन आली, तर तिलाही त्यांनी माझ्या कपाळावर पाण्याचा निचरा समजावून दिला. मी पेपरच्या कोपऱ्यावर लिहिलं, ‘मग शेतातलीच लावू?’ सर एकदम गंभीर झाले. ‘भलतंच! धनुर्वाताचे जंतू मातीतच राहतात. वर खत, फवारणी. ती जोंधळ्यासाठी.’

तोंड धुवायला उठलो तर नळाला पाणी नव्हतं. आमचं पाणी येतं सौंदत्तीच्या रेणुकासागरातून, मलप्रभेचं, आणि आमच्या गल्लीत ते रोज येण्याचा आग्रह धरत नाही. कर्नाटकात दिवाळीच्या आदल्या संध्याकाळी हंडे भरून पूजतात, त्याला ‘नीरु तुंबो हब्ब’ म्हणतात, पाणी भरायचा सण. आमच्या गल्लीत हा सण नळ आला की होतो, आणि भरलेल्या हंड्यातलं पाणी मातीचं तोंड धुवायला मागणं म्हणजे अधर्म. शेवटी एक तांब्या मंजूर झाला. तेवढ्यात अर्धं नवलगुंद निघालं.

मग हळदीची पाळी. हळद पाण्यात कालवून लावली, पिवळा झालो, आणि साबणानं खसाखसा धुतलं. हात लाल, टॉवेल लाल. ही धावत आली ती ‘कुठं कापलं?’ विचारत. पलीकडच्या कन्नड अज्जी कुंपणावरून सगळं पाहत होत्या. हळदीला क्षार लागला की ती लाल होते, हे त्यांना रसायनशास्त्र न शिकता ठाऊक. हळदीवर क्षाराचे संस्कार करूनच पारंपरिक कुंकू होतं. हळदीचा रंग पाण्यात विरघळत नाही, स्निग्धात विरघळतो. म्हणून अज्जींच्या घरी ती सायीत नाहीतर तेलात कालवतात, आणि काढायची बेसनानं. साबण तिच्या वाऱ्यालाही उभा करत नाहीत.

इंडीचं लिंबू मी अर्धं कापून गालावर चोळणार, तोच अज्जींनी हात धरला. ‘लिंबू लावून गच्चीवर जाशील, डाग पडेल.’ लिंबाच्या रसावर ऊन पडलं की कातडी भाजल्यासारखी होऊन काळी पडते, हे डॉक्टरही सांगतात. फक्त ते डाग पडल्यावर सांगतात. कोरफडीचं पान मी तोडून थेट तोंडाला लावत होतो, तर हिनं ते काढून घेतलं आणि कापलेली बाजू खाली करून पेल्यात उभं ठेवलं. देठातून पिवळा, कडू चीक हळूहळू उतरत राहिला. ‘तो खाजतो. जाऊ दे सगळा,’ असं म्हणून ती कणीक मळायला गेली. नवीन काहीही असलं तर अज्जी आधी कोपराच्या आतल्या बाजूला ठिपका लावायला सांगायच्या आणि म्हणायच्या, ‘उद्या दाखव.’ मोठाल्या दवाखान्यांत यालाच पॅच टेस्ट म्हणतात आणि पैसे घेतात.

एवढं झाल्यावर माझ्या ध्यानात एक गोष्ट आली. आजीच्या बटव्यातली पाळंमुळं आम्ही वारसाहक्कानं घेतली, पण ती कशात कालवायची, किती वेळ ठेवायची, कशाबरोबर अजिबात नाही, हा निम्मा बटवा तिच्याजवळच राहिला. ‘नैसर्गिक आहे, अपाय कसला?’ असं विचारणाऱ्याला दुर्गदबैलातलं बिब्ब्याचं पोतं दाखवावं. बिब्बाही झाडावरच लागतो. त्याचं तेल कातडीला लागलं की फोड उठतात, आणि परीट त्यानंच कपड्यांवर न पुसणाऱ्या खुणा करायचे. वैद्य तो विटेच्या भुकटीत घोळून शुद्ध करतात, तेव्हा कुठं तो औषधात घेतात. निसर्गात सौम्य माणसं आहेत, तशी तिरसटही आहेत, आणि कोण कसं हे विचारल्याशिवाय घरात घेऊ नये.

या सगळ्या उपद्व्यापात महिने गेले. लेप वाळेपर्यंत दुपारभर घरात, लेप निघेपर्यंत नळाची वाट पाहत घरात. ऊन नाही, हुबळी नाही, धूळ नाही, वर रोज दुपारची झोप. गणपतीला भाची आली आणि दारातच म्हणाली, ‘मामा, केवढं तेज आलंय! काय लावता?’

यावरून घरात श्रेयाचा वाद पेटला. अज्जी म्हणाल्या सायीतली हळद, ही म्हणाली चीक काढलेली कोरफड, सर म्हणाले मॉन्टमोरिलोनाइट, आणि भाची शपथेवर म्हणाली, बाटलीच. बाटली अजून सीलबंद होती. मी कोणालाच नाही म्हटलं नाही. गाण्यात गंगूबाई आणि भीमसेन किराणा घराण्याचे, मन्सूर जयपूर-अत्रौलीचे. आमच्या गावानं तिघांनाही उभं राहून दाद दिली आणि एकाला दुसऱ्याच्या वर बसवायच्या फंदात कुणी शहाणा पडला नाही. मीही प्रत्येकाला एकटं गाठून, ज्याच्या त्याच्या भाषेत, हे तेज तुमच्याचमुळे असं सांगितलं. सरांना मात्र ते पुरेना. पुढच्या खेपेला ते डाव्या गालावर मुलतानी आणि उजव्यावर बेसन लावून तुलनात्मक अभ्यास करायचा म्हणतात. मी नळ येण्याच्या दिवसाची तारीख दिली आहे.